रशियाच्या मुंबईतील महावाणिज्यदूतांना खुले पत्र : खार्पच्या वाटेबद्दल

माननीय महावाणिज्यदूत महोदय,

सप्रेम नमस्कार.

येत्या 6 जूनला, पुश्किनच्या वाढदिवशी, आमच्या इथल्या एका महाविद्यालयात रशियन भाषा दिन साजरा होणार आहे. दरवर्षीसारखं यंदाही मला बोलावणं आलं. समोवारशेजारी बसायचं, दोन कविता म्हणायच्या, मुलांना बक्षिसं द्यायची. मी येत नाही, असं मी त्यांना कळवलं. का येत नाही ते संयोजकांना सांगून उपयोग नव्हता, ती मुलं बिचारी खुर्च्या लावण्यात गुंतलेली. म्हणून ते आपल्याला सांगते. बंद पाकिटातून सांगितलं असतं तर ते आपल्या आणि माझ्यातच राहिलं असतं, आणि ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे, म्हणजे आपल्या देशातले विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांची खार्पच्या तुरुंगात झालेली रवानगी आणि तिथला त्यांचा मृत्यू, ती मुळात चार लोकांच्या नजरेआड ठेवल्यामुळेच घडू शकली. म्हणून हे पत्र उघडं.

मी निवृत्त रशियन शिक्षिका आहे. पुण्यात 31 वर्षं आपली भाषा शिकवली. आमच्या घरी रशिया आला तो लोकवाङ्मय गृहाच्या पुस्तकांच्या गाडीतून. वडील गिरणीत कारकून होते, पगाराच्या दिवशी चार-आठ आण्यांची गुळगुळीत पानांची, रंगीत चित्रांची पुस्तकं घेऊन यायचे. पुढे 1983 मध्ये शिष्यवृत्तीवर दहा महिने मॉस्कोत राहिले. आमच्या वसतिगृहाच्या मजल्यावर एक देझूरनाया, म्हणजे मजल्यावर पहारा देणाऱ्या, आजी असायच्या. मी पहिल्यांदा बर्फात भिजून आले तेव्हा माझे मोजे ओढून काढून त्यांनी ते रेडिएटरवर वाळत घातले आणि रागावून म्हणाल्या, थंडीत तोंड उघडू नकोस, नाकाने श्वास घे. त्या दिवशी बाहेर उणे 22 होतं. तेव्हा हाडं गोठवणारी थंडी म्हणजे काय, ते मला थोडंसं ठाऊक आहे. फरक एवढाच की माझ्या अंगावर ओव्हरकोट होता, पायात वालेंकी, म्हणजे नमद्याचे उबदार बूट होते आणि परतायला उबदार खोली होती.

वर्गात मी ‘एताप’ या शब्दाचा अर्थ ‘टप्पा’ असा शिकवला. शिक्षणाचा पहिला एताप, प्रवासाचा दुसरा एताप. मुलं वाक्यं करायची, मी लाल शाईने बरोबरची खूण करायचे. याच शब्दाचा तुरुंगातला अर्थ मला माहीत होता. एताप म्हणजे कैद्याची एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी रवानगी. बंद डब्यातून, कुठे चाललो ते न सांगता. ‘सिदित’ म्हणजे ‘बसला आहे’, पण एखाद्या बाईने आपला मुलगा ‘बसला आहे’ असं म्हटलं की समोरचा गप्प होतो, आपल्याकडे ‘आत आहे’ म्हटल्यावर होतो तसाच. ‘पेरेदाचा’ म्हणजे टीव्हीवरचा कार्यक्रम, आणि तुरुंगाच्या खिडकीतून आत सरकवायचं गाठोडंही. हे अर्थ मी शिकवले नाहीत. अभ्यासक्रमात नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला ते जुने झाले आहेत असं वाटायचं.

2023 च्या डिसेंबरात ते जुने झालेले नाहीत हे कळलं.

अलेक्सेई नवाल्नी तेव्हा व्लादिमिर प्रांतातल्या मेलेखोवोच्या तुरुंगात होते. त्यांना 19 वर्षांची शिक्षा झालेली होती. 6 डिसेंबरपासून वकिलांना त्यांचा पत्ता लागेना. तुरुंगाच्या दारात उत्तर एकच, इथे नाहीत. मग कुठे आहेत, यावर काही नाही. जवळपास तीन आठवडे एक जगप्रसिद्ध माणूस आपल्या तुरुंगखात्याच्या ताब्यात होता आणि त्याच्या आईला तो जिवंत आहे की नाही हे ठाऊक नव्हतं. 25 डिसेंबरला ते सापडले, यामालो-नेनेत्स प्रांतातल्या खार्पला, आर्क्टिक वृत्ताच्या वर, मॉस्कोपासून सुमारे 1,900 किलोमीटरवर. मॉस्को, चेल्याबिन्स्क, येकातेरिनबुर्ग, किरोव्ह, वोर्कुता असा वळसे घेत त्यांचा एताप झाला होता. 16 फेब्रुवारी 2024 ला तिथेच त्यांचा मृत्यू झाला. वय 47.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. नवाल्नींची सगळी मतं मला मान्य होती असं नाही. सुरुवातीच्या काळात स्थलांतरितांबद्दल ते जी भाषा वापरायचे ती मला तेव्हाही खटकली होती. पण माणूस आपल्याला पटतो की नाही, यावर त्याच्या कोठडीचं तापमान ठरत नसतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अंतराची. बाकीच्या सगळ्या हिच्याच पोटातून निघतात, म्हणून हिच्यावर जरा थांबते. आपल्याच शिक्षा-अंमलबजावणी कायद्याच्या 73 व्या कलमाप्रमाणे कैद्याने शिक्षा आपल्या राहत्या प्रांतात किंवा जिथे निकाल लागला त्या प्रांतात भोगायची असते. मग त्याच कलमात पुढे अपवाद येतात, दहशतवाद आणि ‘अतिरेकी कारवाया’ यांच्याखाली शिक्षा झालेल्यांना कुठेही पाठवता येतं. आणि गेल्या काही वर्षांत सरकारवर टीका करणाऱ्या माणसाला नेमकं याच शब्दांखाली बसवलं जातं. म्हणजे नियम चोराला आणि अपवाद विरोधकाला.

खार्प म्हणजे काय हे मराठी वाचकांना सांगायला हवं. नेनेत्स लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ उत्तरेकडचा प्रकाश, ध्रुवीय प्रभा. नाव इतकं सुंदर. स्टालिनने 1947 मध्ये या भागात रेल्वे बांधायला घेतली, पुढे ती येनिसेई नदीपर्यंत न्यायचं ठरवलं, आणि गुलागचे, म्हणजे सक्तमजुरीच्या छावण्यांमधले कैदी दलदलीत आणि बर्फात जुंपले. बांधकामाला क्रमांक होता 501, पुढच्या तुकड्याला 503. 1953 मध्ये स्टालिन गेला आणि काम थांबलं. शेकडो किलोमीटरचे रूळ तसेच गंजत पडले, लोक त्याला ‘मेलेला रस्ता’ म्हणू लागले. चुम ते लाबित्नांगी एवढा तुकडा मात्र अजून चालतो. खार्पला जाणारी गाडी त्याच रुळांवरून जाते. आणि 501 च्या जुन्या छावणीच्या जागेवर 1961 मध्ये जी तुरुंग-वसाहत उभी राहिली, तीच आजची तिसऱ्या क्रमांकाची, ‘ध्रुवीय लांडगा’. नवाल्नी होते ती हीच. त्याच गावात जन्मठेपेच्या कैद्यांसाठी ‘ध्रुवीय घुबड’ आहे आणि थोडं पुढे लाबित्नांगीला ‘पांढरं अस्वल’. तुरुंगांना प्राण्यांची नावं द्यायची कल्पना कुणाची कोण जाणे, प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावर शोभली असती.

1961 हे साल वाचून मी थबकले. त्याच वर्षी आमचे शाहीर अण्णा भाऊ साठे तुमच्या देशात पाहुणे म्हणून आले होते. चिरागनगरच्या झोपडपट्टीतला माणूस, कष्टकऱ्यांचं राज्य बघायला आला आणि भारावून परत गेला. 2022 मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, आम्हाला बरं वाटलं. अण्णा भाऊंना त्या वर्षी मॉस्को दाखवलं, खार्प कुणी दाखवलं नाही. पाहुण्याला कोण दाखवतं म्हणा!

आर्क्टिकशी मराठी माणसाची तशी जुनी ओळख आहे. लोकमान्य टिळकांनी 1903 साली असं मांडलं होतं की वेदांमधली लांबच लांब उषा ही उत्तर ध्रुवाजवळची आहे, आपले पूर्वज तिथलेच. आज तो सिद्धांत कुणी मानत नाही. पण त्याच टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं, तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले आणि त्या संपाचं स्वागत करणारा, टिळकांच्या शिक्षेचा धिक्कार करणारा लेख लिहिला तो लेनिनने. लेखणीसाठी माणसाला हजारो मैलांवर नेऊन टाकणं ही नीचपणाची गोष्ट आहे, हे आम्हाला तुमच्या माणसाने सांगितलं होतं, महोदय. टिळकांची पत्नी सत्यभामाबाई 1912 मध्ये वारल्या तेव्हा ते मंडालेतच होते. इंग्रजांचं कौतुक करायला मी बसलेली नाही. तरी त्यांनी टिळकांना पेट्या भरभरून पुस्तकं मिळू दिली, हे नोंदवते. कारण पुढे पुस्तकांचा विषय येणार आहे.

अंतर म्हणजे नुसते किलोमीटर नव्हेत. त्या प्रांताचं मुख्य शहर सालेखार्द ओब नदीच्या पलीकडे आहे आणि तिथे नदीवर पूल नाही. उन्हाळ्यात तराफा, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाडी, आणि बर्फ धड धरलेलाही नाही आणि धड सुटलेलाही नाही अशा दिवसांत पंचाईत. हिवाळ्याच्या ऐन मध्यात सूर्य क्षितिजापाशी जेमतेम डोकावून जातो. म्हातारी आई, एकटा वकील, स्थानिक वार्ताहर, कुणीही तिथे सहज पोचू नये अशीच ती जागा आहे. आमच्याकडे ज्याला काळं पाणी म्हणत, ते तुमच्याकडे पांढरं आहे.

सिम्फेरोपोलचे चित्रपट दिग्दर्शक ओलेग सेन्त्सोव्ह यांना 2015 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली आणि शेवटी त्यांना याच लाबित्नांगीला ठेवलं. क्रिमियाच्या उन्हात वाढलेला माणूस. 2018 मध्ये त्यांनी 145 दिवस उपोषण केलं, स्वतःच्या सुटकेसाठी नव्हे, तर रशियातल्या इतर युक्रेनी राजबंद्यांच्या सुटकेसाठी. 2019 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले. म्हणजे सोडता येतं. मनात आलं की येतं.

दुसरी तक्रार ‘शिझो’ची, म्हणजे तुरुंगातल्या एकांत कोठडीची, शिक्षेच्या आतल्या शिक्षेची. संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांप्रमाणे सलग 15 दिवसांपेक्षा जास्त एकांतवास देता येत नाही. तुमच्याकडे कागदावर ते पाळलं जातं. 15 दिवस झाले की बाहेर, आणि बटण उघडं राहिलं किंवा ओळख ठरलेल्या शब्दांत सांगितली नाही म्हणून लगेच पुन्हा आत. नवाल्नींना असं 27 वेळा पाठवलं, मिळून जवळपास 300 दिवस. सत्ताविसावी वेळ मृत्यूच्या दोनच दिवस आधीची. शिझोत पहाटे पलंग भिंतीला लावून कुलूपबंद करतात, तो रात्री उतरतो. दिवसभर बाकावर बसायचं किंवा उभं राहायचं. पहाटे साडेसहाला ‘फिरायला’ नेतात ते अंगण त्यांनीच मोजून लिहिलं होतं, एका बाजूने 11 पावलं, दुसऱ्या बाजूने 3. उणे 32 मध्येही ते गेले, आणि एवढ्या थंडीत अर्ध्या तासाहून जास्त फिरायचं तर नवं नाक आणि नवे कान फुटायला हवेत, असा विनोद करून त्यांनी तो विषय संपवला.

2024 च्या जानेवारीत त्यांनी तुमच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली ती कसली? जेवायला वेळ वाढवून द्या याची. शिझोत न्याहारीला 10 मिनिटं आणि जेवणाला 15. उकळतं पाणी दहा मिनिटांत प्यायचं तर तोंड भाजतं. आणि जवळ एकच पुस्तक ठेवता येतं ते पुरत नाही. त्याच सुनावणीत त्यांनी सांगितलं की शिझोतले कैदी वर्तमानपत्र मागतात ते वाचायला नाही, रात्री पांघरायला. न्यायालयाने मागणी फेटाळली. मी ती बातमी दोनदा वाचली. देशाचं सर्वोच्च न्यायालय बसून ठरवतं आहे की माणसाने चहा किती वेळात प्यावा.

तिसरी तक्रार मृत्यूची, आणि त्यापुढच्या आठ दिवसांची. फिरून आल्यावर बरं वाटेनासं झालं आणि शुद्ध हरपली, एवढं तुरुंगखात्याने जाहीर केलं. नंतर आईच्या हातात कागद दिला, त्यावर मृत्यूची वेळ होती 14:17. मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी आई ल्युदमिला नवाल्नाया त्या थंडीत तिथे पोचल्या, तर शव सालेखार्दच्या शवागारात आहे म्हणून सांगितलं, आणि शवागार बंद. पुढे त्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मुलाला गुपचूप पुरावं यासाठी त्यांच्यावर दबाव आणला जातो आहे. 24 फेब्रुवारीला शव ताब्यात मिळालं आणि 1 मार्चला मॉस्कोत दफन झालं, हजारो लोक रांगेत उभे राहिले. सप्टेंबर 2025 मध्ये पत्नी युलिया नवाल्नाया यांनी सांगितलं की गुपचूप देशाबाहेर नेलेल्या नमुन्यांवरून दोन देशांतल्या प्रयोगशाळांनी विषप्रयोगाचा निष्कर्ष काढला आहे. आपलं सरकार ते मानत नाही. ठीक आहे. मग न मानण्याजोगे कागद दाखवा. कोठडीत मेलेल्या माणसाबद्दल उत्तर द्यायची जबाबदारी कोठडीच्या मालकाची असते, विधवेची नव्हे. 2020 मध्ये याच माणसावर नोव्हिचोक या जहाल विषाचा प्रयोग झालेला होता, हे लक्षात घेता तर अधिकच.

चौथी तक्रार थोडक्यात. त्यांचे वकील वादिम कोब्झेव, अलेक्सेई लिप्त्सेर आणि इगोर सेर्गुनिन यांना जानेवारी 2025 मध्ये साडेपाच, पाच आणि साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. अशिलाचा निरोप बाहेर आणला, हा गुन्हा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंतोनिना फावोर्स्काया यांच्यासह चार पत्रकारांना साडेपाच-साडेपाच वर्षं. फावोर्स्काया यांनी नवाल्नींचं शेवटचं चित्रण केलं होतं, मृत्यूच्या आदल्या दिवशीच्या सुनावणीचं, ज्यात ते न्यायाधीशांशी हसत बोलताना दिसतात. त्यांचा आवाज ज्यांनी बाहेर पोचवला त्यांनाच आत टाकलं.

पाचवी तक्रार जे अजून आत आहेत त्यांची. मॉस्कोचे नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव्ह यांनी मार्च 2022 मध्ये सभागृहात एवढंच विचारलं की युक्रेनमध्ये मुलं मरत असताना आपण मुलांची चित्रकला स्पर्धा कशी भरवतो? सात वर्षं. क्षयरोगाने त्यांच्या फुफ्फुसाचा भाग आधीच काढलेला आहे. तुरुंगातल्या गप्पांवरून 2024 मध्ये आणखी तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. आमच्या गावातल्या नगरसेवकाने असा प्रश्न विचारला असता तर फार तर सभा तहकूब झाली असती. निदान तशी आशा आहे.

इथे माझा स्वतःचा संबंध येतो. तुमच्या तुरुंगातली पत्रं सेन्सॉर वाचतो, म्हणून ती रशियनमध्येच लागतात. आमच्याकडे फार थोड्या लोकांना रशियन येतं, मला येतं. मग मी लिहू लागले. एका कैद्याचं नाव मी सांगणार नाही, त्याला त्रास होईल. त्याला मी पुण्याच्या पावसाबद्दल लिहायचे, मांजरीबद्दल, पुरणपोळी कशी करतात याबद्दल. चार महिन्यांनी उत्तर आलं, कोपऱ्यात सेन्सॉरचा शिक्का, मध्ये सात ओळी काळ्या केलेल्या. उरलेल्या भागात त्याने विचारलं होतं, पुरण जास्त सैल झालं तर काय करता? मी लिहिलं, पुन्हा आटवते. त्यानंतर त्याचं पत्र आलेलं नाही. दुसऱ्या तुरुंगात हलवलं असावं. एताप.

कुणी म्हणेल, बाई, आधी आपल्या घरातलं बघा. बघितलं आहे. 83 वर्षांचे फादर स्टॅन स्वामी कंपवाताने हात थरथरतात म्हणून पाणी प्यायला नळी मागत होते, तळोजा तुरुंगात, इथून तीन तासांवर. 5 जुलै 2021 ला खटला उभा राहण्याआधीच ते कोठडीतले कैदी म्हणूनच मुंबईच्या रुग्णालयात वारले. त्याही वेळी मी आमच्या सरकारला पत्र लिहिलं होतं, याच सुरात. तेव्हा हे पत्र परक्याला उपदेश म्हणून वाचू नये. मी दोन्ही घरांत वाढले आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. त्या आपल्या हातात नाहीत हे मला कळतं, त्या मॉस्कोला पोचवणं आहे.

नवाल्नींच्या मृत्यूचे सगळे वैद्यकीय कागद आणि त्या दिवशीचं तुरुंगातलं चित्रीकरण कुटुंबाला द्यावं, आणि कुटुंब सांगेल त्या तज्ज्ञांकडून चौकशी होऊ द्यावी.

तिन्ही वकिलांच्या आणि चारही पत्रकारांच्या शिक्षा रद्द कराव्यात.

गोरिनोव्ह यांना आणि तुरुंगातल्या इतर आजारी राजबंद्यांना घरी पाठवावं. आधी हे, बाकी वाद मागाहून.

कैद्याला हलवलं की त्याच दिवशी घरच्यांना कळवावं. एक फोन. याला ना पैसा लागतो ना कायदा बदलावा लागतो.

शिझोच्या 15 दिवसांना 15 जोडत जाण्याची पद्धत बंद करावी. 73 व्या कलमातला अपवाद काढावा, आणि विचारांसाठी शिक्षा झालेल्या कुणालाही आर्क्टिक वृत्ताच्या वर पाठवू नये. खरं तर कुठेच पाठवू नये, पण निदान एवढं.

आणि पत्रं पोचू द्यावीत. माझी तर अगदी निरुपद्रवी आहेत.

महाविद्यालयातल्या मुलांना मी एक गोष्ट कबूल केली आहे. समारंभाला येणार नाही, पण पुढच्या सोमवारी वर्गात येईन आणि एक तास घेईन. फळ्यावर तीन शब्द लिहीन, एताप, सिदित, पेरेदाचा, आणि या वेळी त्यांचे दोन्ही अर्थ सांगेन. आपल्या कार्यालयातून कुणी आलं तर मागच्या बाकावर जागा आहे.

उत्तर द्यायचं झाल्यास रशियनमध्ये दिलंत तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त रशियन शिक्षिका
पुणे